लाल बुटांचा ढीग आणि पोटातली बटणं

मित्रांनो, आज माझ्या पोटात कॉफी आहे. हे मुद्दाम सांगते, कारण मधली कितीतरी वर्षं तिथे बटणं होती.

मी ग्रीनलंडच्या एका लहानशा बंदरगावातली जुनी किटली. अंगावर निळं इनॅमल, बुडाशी टवके, मुठीला सीलच्या कातड्याची पट्टी. माझा जन्म डेन्मार्कच्या कारखान्यात झाला. पत्र्याला ठोकून आकार दिला, निळा लेप चढवला आणि भट्टीत घातलं. याहून मोठा चटका आयुष्यात बसायचा नाही, असं तेव्हा वाटलं होतं. मी अजाण होते.

जहाजाने इथे आले आणि बायकांच्या शिवणघरात स्टोव्हवर बसले. या गावात बाळाचा वाढदिवस असो की पोराने मारलेला पहिला सील असो, घराचं दार दिवसभर उघडं असतं. त्याला काफेमिक म्हणतात. आपण यावं, बूट दाराशी काढावेत, केक खावा, कॉफी प्यावी आणि मागच्याला जागा करून उठावं. प्रत्येक काफेमिकला मला उचलून नेत. "निळीची कॉफी ती निळीचीच," असं म्हणून माणसं दुसरा पेला पुढे करत. मीही जरा फुगले होते.

मग कॉफीचं विजेचं यंत्र आलं. मी फळीवर गेले आणि माझ्यात बटणं पडली.

शिवणघर उन्हाळी पाहुण्यांवर चालायचं. मोठं जहाज थांबायचं, पाहुणे हातमोजे आणि टोप्या घ्यायचे. पण हळूहळू ते रंगीत घरांचे फोटो काढून, हात चोळत तसेच परतू लागले. जहाजावर सहली ठरवणाऱ्या रेनाटेबाईंनी एकदा तोंडावरच सांगितलं, "इथे पाहुण्यांना करण्यासारखं काही नाही. पुढच्या फेरीला शेवटचं बघते. नाहीतर जहाज इथे थांबणार नाही."

जहाज नाही तर शिवणघर नाही. आणि शिवणघर नाही तर मी भंगारात, एवढं मलाही कळलं.

शिवणघराची कर्ती बाई बोलेटे. बुटकी, रुंद, आणि सुईत दोरा ओवायला घेतला की ओवूनच उठणारी. तिने टेबलावर कापड पसरलं आणि त्यावर शिंप्याच्या खडूने अख्खं गाव काढलं.

"काफेमिक करू," ती म्हणाली. "आपल्या घरांत येऊ देत. आणि शेवटी सगळे इथे, शिवणघरात."

तिची नणंद माल्लिने हसली. "वहिनी, तुझ्या घरात दोघं शिंकली तर तिसऱ्याला बाहेर जावं लागतं."

"म्हणून तुझंही घर घेतलंय."

"माझं? माझ्या नवऱ्याला बघून पाहुणे समुद्रात उड्या टाकतील!"

"त्याला तोंड धुवायला सांग."

रेनाटेबाईंनी फोनवर विचारलं, "कुठल्या घरी किती वाजता जायचं?"

"इम्माका," बोलेटे म्हणाली. म्हणजे, बघू, हवा काय म्हणते ते.

"हे उत्तर झालं का?"

"मग हवेला विचारा, बाई."

तो दिवस स्वच्छ उजाडला. होड्यांमधून पाहुणे उतरले, सगळ्यांच्या पायांत जहाजाने दिलेले लाल रबरी बूट. घराघरांत ते मनुकांचा केक खाऊन आले आणि शेवटी शिवणघराच्या दाराशी बूट काढून आत शिरले. इतक्यात समुद्रावर धुकं दिसलं आणि जहाजाचा भोंगा झाला. सगळे दाराकडे धावले.

दारात लाल बुटांचा हा ढीग! सगळे दिसायला सारखे, मापं मात्र वेगळी!

मित्रांनो, आमच्या गावात बूट बघून माणूस ओळखतात. कोणाची टाच झिजलेली, कोणाला ठिगळ. एकसारखे बूट घालणारी माणसं असतात, हे बोलेटेच्या आराखड्यात कुठून येणार? शोधाशोध संपेपर्यंत धुकं धक्क्यावर येऊन बसलं आणि होड्या थांबल्या.

"संपलं," रेनाटेबाई म्हणाल्या. "माझे पाहुणे नुसत्या मोज्यांवर उभे आहेत."

"मोज्यांवर आहेत म्हणजे घरात आहेत," बोलेटे म्हणाली. "बसा म्हणावं."

तेवढ्यात माल्लिने ओरडली, "वहिनी, यंत्राचे गाळायचे कागद संपले!"

बोलेटेने फळीकडे पाहिलं. पुढच्या क्षणी माझी बटणं टेबलावर खळखळली.

"अगं, तिचं बूड तरी धड आहे का?"

"भरून बघते. दारातला पाहुणा मी कोरडा पाठवणार नाही."

आणि गळायचं नाही, असं मीही ठरवलं. जाळ लागला तेव्हा टवके तडतडले. भट्टीचा चटका काहीच नव्हता म्हणायचा! पण एक थेंब सोडला नाही. कॉफी उकळली, बोलेटेने वर गार पाण्याचा हबका मारून चोथा खाली बसवला, आणि पेले फिरू लागले.

रेनाटेबाईंच्या पेल्यात काहीतरी वाजलं. त्यांनी बोट घालून बाहेर काढलं. हाडाचं बटण! मी तर लाजेने झाकणाआड गेले.

माल्लिने पुढे झाली. "वा! ज्याला बटण सापडतं त्याने ते शिवूनच जायचं. जुना रिवाज आहे आमचा."

असला रिवाज गावात कोणी ऐकला नव्हता. बोलेटेने लगेच सुई पुढे केली. रेनाटेबाईंच्या कोटाचं एक बटण खरंच तुटलेलं होतं. त्यांनी सुई घेतली, बोटात टोचून घेतली आणि मोठ्याने हसल्या. मग दुसऱ्या पाहुण्यालाही बटण हवं झालं, तिसऱ्याला हातमोज्याचा टाका शिकायचा होता. धुकं बाहेर होतं आणि आत सगळ्यांची डोकी सुयांवर वाकलेली. मी पुन्हा पुन्हा भरत होते.

संध्याकाळी धुकं विरलं. तोवर बोलेटेने बुटांच्या जोड्या लावून लोकरीने बांधल्या होत्या.

"पुढच्या वर्षी?" तिने विचारलं.

"इम्माका," रेनाटेबाई म्हणाल्या.

"इम्माका कसलं!" दारातून माल्लिने ओरडली. तिचेही बूट लालच. "माझा डावा बूट होडीतून गेलाय! जहाज आलं नाही तर मी काय लंगडत फिरू?"

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या होडीतून रेनाटेबाई उतरल्या. हातात डावा लाल बूट, कोटाला आमचं बटण.

मित्रांनो, फळीवरच्या जुन्या भांड्यात बटणं ठेवा, खुशाल ठेवा. पण कधीतरी ती काढून त्यात पाणी भरून बघा. पुष्कळदा बूड शाबूत असतं. फक्त विसळून घ्या, आणि बटणं मोजायला जाऊ नका. एखादं राहिलं, तर राहू द्या.