नाकावर टिच्चून

ताई बरी झाली ती सुडापोटी. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. तुम्ही विचारलंत तर ती स्वतःच सांगेल, आणि वर असं बघेल की पुन्हा काही विचारायची तुमची हिंमत होणार नाही.

त्याआधी सात महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. का, म्हणून विचारणारे पायलीचे पन्नास भेटले. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, कामाचा रेटा होता, झोप उडाली होती. पण यातलं कुठलंच कारण एकट्याने पुरेसं नव्हतं. एके दिवशी ती कात्री घेऊन टेबलाशी उभी राहिली आणि आता या कात्रीचं काय करायचं, तेच तिला कळेना. वीस वर्षं कापणी करणारी बाई! वडिलांनी उभा केलेला पडद्यांचा कारखाना. नाट्यगृहांचे, सभागृहांचे, शाळांच्या रंगमंचांचे मोठाले मखमली पडदे तिथे तयार होत. ऑर्डरी आणि फोन धाकट्या बहिणीकडे, कात्री ताईकडे. शिवणारी माणसं बदलत, पण कापणीच्या टेबलाशी ताईशिवाय कोणी उभं राहिलेलं कोणाला आठवत नव्हतं.

दोघी बहिणी कारखान्याच्या वरच्याच खोल्यांत राहायच्या आणि मधली जमीन लाकडी होती. खालचं बोलणं वर जसंच्या तसं ऐकू यायचं. एका दुपारी ताईने धाकटीला नाट्यगृहाच्या मॅनेजरशी फोनवर बोलताना ऐकलं.

"नाही हो, ताईवर आता विसंबू नका. तिचं डोकं ठिकाणावर नाही. तिच्या हातात कात्री द्यायची नाही, असं आम्ही ठरवलंय. यापुढे कापणी मीच बघणार."

आम्ही! आम्ही म्हणजे कोण? घरात माणसं दोन, त्यातली एक अंथरुणात. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. सात महिन्यांत पहिल्यांदा ती आपणहून उठली, पिशवीत चार कपडे कोंबले, जिना उतरली, आणि धाकटीच्या समोरून, तिच्याकडे ढुंकूनही न बघता, बाहेर पडली. दोन गल्ल्या सोडून तिने एक खोली भाड्याने घेतली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "बरं होऊन काय करायचंय?"

"धाकटीला टेबलावरून उठवायचंय," ताई म्हणाली. "आणि चारचौघांत तिच्या तोंडून 'मी चुकले' असं वदवून घ्यायचंय."

"कारण काही फार चांगलं नाही," बाई म्हणाल्या. "पण सकाळी सहाला उठवण्याइतकं दणकट दिसतंय. सुरुवात तर करा. कारण मागाहून बदलता येतं."

"मला बदलायचं नाहीये."

"बरं," असं म्हणून बाईंनी कागद पुढे ओढला. रोज ठरल्या वेळी उठायचं. खिडकी उघडायची, अंथरूण आवरायचं. बाहेर उजेडात वीस मिनिटं चालायचं. जेवायचं ते बसून, वेळेवर. छातीत धडधडायला लागलं की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दिवसातून एका तरी माणसाशी बोलायचं. आणि वहीत रोज तीन ओळी लिहायच्या.

ताईला तो कागद बघून हसूच आलं. आपण मरणाच्या दारातून परत यायचं, आणि ते अंथरुणाच्या घड्या घालून? पण दुसऱ्या दिवशी सहाला डोळे उघडले तेव्हा शरीर म्हणालं, पडून राहा. आणि मन म्हणालं, पडून राहा म्हणजे तीच खरी ठरेल. ताई उठली. चादर अशी खसकन ओढली जणू धाकटीचा कानच हातात आलाय. श्वास सोडताना ती सहा आकडे मोजायची आणि मनात धाकटीला एकेक पाऊल टेबलापासून मागे ढकलायची. सहाव्या आकड्याला धाकटी दाराबाहेर. ही युक्ती तिने बाईंना सांगितली नाही.

वहीतल्या पहिल्या तीन ओळी अशा होत्या: उठले. चालले. तिचं वाटोळं होवो. पुढचे दहा दिवस त्याच. बाईंनी वही बघितली आणि एक तरी ओळ त्या दिवशी पाहिलेल्या चांगल्या गोष्टीबद्दल लिहा म्हणाल्या. ताईने आज्ञा पाळली. "कारखान्याच्या पाटीचा रंग उडालाय. बघून बरं वाटलं."

पाटी दिसली, कारण वीस मिनिटांच्या फेरीची तिने पस्तीस मिनिटांची फेरी केली होती, आणि ती मुद्दाम कारखान्याच्या मोठ्या काचेपुढून वळवली होती. नीट विंचरलेले केस, इस्त्रीचे कपडे, ताठ मान. रोज पावणेआठला ती त्या काचेवरून जायची. आत टेबलाशी धाकटी. बघ म्हणावं, ठिकाणावर नसलेलं डोकं कसं दिसतं ते!

रोज एका माणसाशी बोलायचं, तर तिने मामांना धरलं. मामा म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने मशीनवाले. कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणायचे. सकाळी शटर वर करून ते दारात चहा घेत उभे असायचे.

"कसं चाललंय?" ताई विचारायची.

"चाललंय," मामा म्हणायचे. मग इकडेतिकडे बघून, "धाकट्या बाई जेवायला वर जात नाहीत हल्ली. डबा तसाच असतो."

"असं का? अरेरे," ताई म्हणायची आणि उरलेली वाट मजेत चालायची.

खोटं कशाला बोला, तिला मजा येत होती. दोन महिन्यांत तिला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, रंग पुन्हा रंगांसारखे दिसायला लागले. आणि काचेपलीकडे धाकटी वाळत चालली होती. तीन दिवस तोच स्वेटर. नखं मुळापर्यंत खाल्लेली. कापलेला तुकडा मोजायचा, घडी घालायची, घडी मोडायची, पुन्हा मोजायचा. ताईने हे सगळं ओळखलं. आपल्या घरात शिरलेला चोर आता शेजारच्या घरात शिरलाय हे कळावं, तसं ओळखलं, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग नाट्यगृहाचा पडदा आला. गडद लाल मखमल, बारा पट्टे जोडून एक पडदा. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती गुळगुळीत बसते आणि फिकी दिसते, उलट फिरवला तर उभी राहते आणि काळपट दिसते. म्हणून बाराही पट्ट्यांची लव एकाच दिशेला लागते. कापल्याबरोबर प्रत्येक पट्ट्याच्या मागे, वरच्या टोकाला, खडूने बाण काढायचा, हा ताईचा नियम. ट्यूबलाइटच्या उजेडात जवळून पाहिलं तर फरक कळत नाही. तो कळतो लांबून, तिरप्या उजेडात.

त्या सकाळी पावणेआठला ऊन तिरपं आत आलं होतं आणि बारा पट्टे टाचण्या लावून टेबलावर पसरले होते. ताईला रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं. चौथा पट्टा उलटा होता. अकरा लाल आणि एक काळा.

ती काचेशी येऊन थांबली. आत धाकटीने मान वर केली आणि दोघींची नजरानजर झाली. धाकटी बघतच राहिली, बराच वेळ. ताईने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मग ती वळली आणि चालू लागली.

वहीत तिने लिहिलं: "चौथा पट्टा. बोलले नाही. आज भूक चांगली लागली."

पंधरा दिवसांनी मामा तिच्या खोलीवर आले. चहा हातात तसाच धरून बसले.

"पडदा टांगला, ताई. खालून दिवे सोडले आणि मधेच एक पट्टा काळा ठिक्कर. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाला, हे काय, ठिगळ लावलंय का?"

"तुम्हाला शिवताना नाही दिसलं?"

"मशीनखाली वीतभर कापड दिसतं, ताई. पडदा कुठे दिसतो?" मामांनी कप खाली ठेवला. "पाच दिवस झाले, धाकट्या बाई खाली आल्या नाहीत. तुम्ही चला आता. टेबल तुमचंच आहे."

ज्या वाक्यासाठी ताईने तीन महिने अंथरुणाच्या घड्या घातल्या होत्या, ते वाक्य तिला घरपोच मिळालं. ती इस्त्रीचे कपडे घालून निघाली. कारखान्यात मशीनं थांबली, माणसं उभी राहिली. तिने टेबलावरून हात फिरवला. पण तिचं अर्धं काम बाकी होतं, आणि ते वर होतं. ती जिना चढली.

धाकटी तशीच पडली होती. तीच खोली, तीच भिंत, तोंडही तसंच भिंतीकडे. खोलीला कोंदट वास येत होता, आणि तो ताईच्या चांगलाच ओळखीचा होता.

"ऊठ," ताई म्हणाली. "खाली चल आणि चारचौघांत म्हण."

"मी चुकले," धाकटी भिंतीला म्हणाली. "तू म्हणशील तिथे म्हणते. कात्री घे. सगळं घे."

ताई वाट बघत उभी राहिली. आता बरं वाटेल, आता वाटेल. काही वाटलं नाही. त्याच सुरात धाकटीने 'मी टेबल आहे' असंही म्हटलं असतं. या बाईला काहीही म्हणायला लावलं असतं तरी ती म्हणाली असती, कारण तिला कशाचंच काही उरलं नव्हतं. ताईला फसवल्यासारखं झालं. तीन महिने जिच्याशी मनात भांडले, ती ऐन वेळी हजरच नाही!

"अशी नाही सुटायचीस तू," ती दातओठ खात म्हणाली. "मला तू शुद्धीवर पाहिजेस. दोन पायांवर उभी पाहिजेस. मग बघते."

तिने खिडकी धाडकन उघडली. त्याच दुपारी धाकटीला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या, बाईंची वेळ घेतली आणि आपली पिशवी परत वर आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी सहाला तिने धाकटीच्या अंगावरची चादर ओढली.

"नको ना, ताई."

"मला कोणी विचारलं होतं? ऊठ."

ती शिक्षा समजूनच सगळं करत होती. तोंड धू. घडी घाल, नीट, कोपऱ्याला कोपरा. चाल, अजून अकरा मिनिटं राहिलीत. पुढ्यातलं संपव. पहिला आठवडा धाकटी जिन्यापर्यंतच गेली. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या टोकाशी बसून रडली, आणि ताई तिच्याशेजारी घड्याळ बघत उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात तिने वैतागून उशी फेकून मारली. उशी ताईच्या तोंडावर बसली. ताईने त्या दिवशी बाईंना फोन करून सांगितलं, "सुधारतेय."

पाचव्या आठवड्यात एका सकाळी धाकटी हाक मारायच्या आत उठून बसलेली होती. केस तिने आपले आपण विंचरले होते. ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि समोर खुर्ची ओढून बसली.

"आता म्हण," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली. डोळ्यांत माणूस परत आलेला होता.

"मॅनेजर ऑर्डर काढून घेत होता, मी घाबरले होते. पण तुझं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायला नको होतं. तेही तू वर असताना. तिथे मी चुकले." हे वाक्य तिला जड गेलं, आणि जड गेलं म्हणूनच ते खरं होतं. हेच हवं होतं ताईला, अगदी हेच.

"आता माझं ऐक," धाकटी म्हणाली. "त्या सकाळी ते बारा पट्टे मी सात वेळा उलगडले होते. सारखं वाटायचं, चुकलंय, चुकलंय. तपासून तपासून खडूचे बाण माझ्याच हातांनी पुसले गेले. मग कुठलं टोक वर, तेच कळेना. आणि तेवढ्यात तू काचेशी आलीस."

ताईने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"मी म्हटलं, आता घाबरायचं कारण नाही. ताईला दिसेल. माझं तोंड बघायची तिची इच्छा नाही, पण कापड चुकलेलं तिला बघवत नाही. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तू काही बोलली नाहीस. म्हटलं, म्हणजे बरोबर आहे. लगेच मामांकडे शिवायला दिलं. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी जेवले." तिने श्वास घेतला. "तुला दिसलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. ऊन डोळ्यांवर आलं होतं म्हटलं असतं, तर कोण खोटं पाडणार होतं? चार महिने ताई एकच गोष्ट उराशी धरून होती, की मी आडवी पडले असताना हिने मला लाथ मारली. आणि आता तिला दिसत होतं की आपण काय केलं. तिची तर एकच लाथ होती, तीही घाबरून. आपण चांगलं पोटभर जेवून, शांत झोपून, रोज पावणेआठला तेच केलं.

"हो," ती म्हणाली. "रस्त्यापलीकडूनच दिसलं होतं."

धाकटी रडली नाही, ओरडलीही नाही. ती उठली. अंथरुणाची घडी तिने कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली, हाताने दाबून सपाट केली आणि पायांत चपला सरकवल्या.

"चल, चालायला जायचंय ना?" ती म्हणाली. "मला आता लवकर बरं व्हायचंय. मग तुझ्याशी बोलते."

आणि ती निघालीसुद्धा, जिना दणादणा उतरत, मागे न बघता. ताईला तिला गाठायला पळावं लागलं.