गाजर, मुळा आणि जोडव्याचा पासंग

मित्रांनो, वडूजच्या अलीकडे येरळेकाठच्या एका घरात कणगीमागे खिळ्याला एक तराजू टांगलेला आहे. त्याची दांडी लोखंडाची आहे, पारडी पितळेची आहेत आणि डाव्या पारड्याच्या साखळीला एक झिजलेले चांदीचे जोडवे बांधलेले आहे. तो तराजू म्हणजे मी. माझे वय मला नीट सांगता येत नाही. मी शेराच्या काळातला आहे, एवढे नक्की.

माझी दांडी सांगलीच्या एका लोहाराने घडवली. पारडी तांबटाकडून आली. दोन्ही पारडी सारखी असायला हवी होती, पण उजवे थोडे जड झाले. लोहाराने मान हलवली आणि डाव्या पारड्याला तारेचा तुकडा बांधला. पारड्यांमधला असा फरक भरून काढायला जे बांधतात, त्याला पासंग म्हणतात. पासंग असला की मी खरे बोलतो. नसला की रिकामा असतानाच उजवीकडे झुकतो.

नाथाजींनी मला विकत घेतले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. विहिरीखालच्या वीस गुंठ्यांत ते भाजी पिकवत आणि त्यांची बायको मनुबाई वडूजच्या आठवडी बाजारात ती विकत असे. काही वर्षांनी शेर जाऊन किलो आला. माझी जुनी वजने गेली, नवी आली. गिऱ्हाइके शेरात मागायची आणि मनुबाई किलोत द्यायची. कोणाला काय मिळाले ते मला बरेच दिवस कळत नव्हते. पण मी दोन्ही बाजू सारख्या करत राहिलो. माझे काम तेवढेच होते.

पुढे ती तार गंजून गळून पडली. मनुबाईने पायातले एक झिजलेले जोडवे काढून तिथे बांधले. सरळ टांगून पाहिले, तर मी बरोबर मधोमध उभा राहिलो.

"मनुबाई, तुझा तराजू तुझ्या नवऱ्यावाणी हाय गं," शेजारी मिरच्या विकणारी रंगूबाई म्हणाली. "तुझ्याकडंच झुकतोय."

"नीट बघ भवाने. गिऱ्हाइकाच्या पिशवीकडं झुकतोय."

आणि ते खरे होते. तोलून झाल्यावर मनुबाई मूठभर भाजी वर टाकायची. माझे खूप कौतुक व्हायचे. माणसे म्हणायची, माप घ्यावे तर मनुबाईकडे घ्यावे.

बाजार उठताना ती माझे एक पारडे पदराने पुसायची आणि त्यालाच ताट करायची. त्यात भाकरी, मीठ, एक मिरची आणि उरलेल्या जुडीतला मुळा. कोवळा कंद ती नाथाजींना द्यायची आणि स्वतः पाला खायची.

"आगं, ह्यो मुळा घे की."

"तुमी खावा. मला पालाच ग्वाड लागतो."

मला वाटायचे, ती मन राखायला असे बोलते. नाथाजींनाही तसेच वाटायचे.

पंचाहत्तर सालच्या भादव्यात मनुबाईला ताप आला. आठ दिवसांत ती गेली. तेराव्यानंतर नाथाजींनी मला खाली घेतले आणि ते जोडवे सोडून कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत ठेवले. मला कणगीमागे टांगले. त्यानंतर त्यांनी भाजी बाजारात नेली नाही. व्यापारी बांधावर यायचा आणि पाट्या उचलून न्यायचा. माझ्यावर धूळ बसली. कोळ्याने दांडीवर जाळे केले. मी उजवीकडे झुकलेला, तसाच लोंबकळत राहिलो.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात त्यांची एकुलती लेक विजयमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. उंबऱ्यातून आत येताना तिने भिंतीला हात टेकला. ओठ पांढरट दिसत होते.

दवाखान्याच्या चंद्राबाई नर्स आल्या. त्यांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"आण्णा, हिच्या अंगात रक्त कमी आहे. या गोळ्या रोज द्या. जेवणात कच्ची भाजी असू द्या. गाजर, मुळा, तुमच्याच रानात आहे. कशात काय असतं त्याचा तक्ता दवाखान्यात लावलाय, बघून या."

नाथाजी दुसऱ्याच दिवशी गेले आणि खाली मान घालून परत आले.

"चित्रं हायती. गाजराचं हाय, मुळ्याचं हाय," ते लेकीला म्हणाले. "फुडं आकडं हायती. आकडं मला कळत्यात, माले. पर ते किलोचं न्हाईत आन् शेराचं बी न्हाईत."

"मग दोनी खाते की, आण्णा."

शेजारच्या राहीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खुळी का काय! गाजर गरम, मुळा गार. दोनी येका पोटात गेली तर भांडणं लागतील. येकच काय ते धर."

आता एकच निवडायचे होते. बायको गेली होती, लेक पांढरी पडत होती, आणि मनुबाई असती तर तिने काय दिले असते हे विचारायला कोणी नव्हते. नाथाजींनी मला खाली घेतले आणि धूळ झटकली.

मित्रांनो, त्यांनी जे केले त्याला हसू नका. जोंधळ्याची पारख आमच्याकडे अशीच करतात. दोन शेतांतला जोंधळा एकाच मापट्याने मोजायचा आणि तोलायचा. जो वजनाला जड, तो कसदार. नाथाजींनी गाजर बारीक चिरून एक मापटे भरले. मुळा चिरून दुसरे भरले. मुळ्याचा पाला आधीच कापून शेळीपुढे टाकला, कारण तोलताना पाला धरायचा नाही ही त्यांची जुनी सवय. गाजर डाव्या पारड्यात ओतले, मुळा उजव्या.

मी उजवीकडे झुकलो.

"मुळा जड," नाथाजी म्हणाले. "मुळ्यात कस जास्ती."

"पारडी बदल की रं," राहीबाई म्हणाल्या.

त्यांनी गाजर उजवीकडे घातले आणि मुळा डावीकडे. मी पुन्हा उजवीकडेच झुकलो. आता गाजर जड झाले.

तिघेही माझ्याकडे बघत राहिले. मला लाज वाटली. मी काय करू? मला पासंग नव्हता. आणि असता तरी कस म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक होते? मी आयुष्यभर किती ते सांगितले. काय ते मला कोणी विचारले नव्हते.

"तुजा तराजूच खोटा हाय, नाथा."

नाथाजींचा हात कमरेच्या चंचीवर गेला, तिथे थांबला आणि रिकामाच परत आला.

शेवटी ते म्हणाले, "पयल्यांदा मुळा जड भरला. तवा मुळाच."

वीस दिवस विजयमालाने मुळा खाल्ला. गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या ती दिवसाआड घ्यायची. पाला शेळीला जायचा आणि गाजरे व्यापाऱ्याला. वीस दिवसांनी नर्सबाई आल्या. त्यांनी पुन्हा पापणी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर दाव्याला बांधलेल्या शेळीवर गेली.

"काय तुकतुकीत झालीय ही! आण्णा, बाळंत कोण व्हायचंय, ही का ती?"

नाथाजींनी सगळे सांगितले. मापटे, मी, जड, हलके. नर्सबाई हसल्या नाहीत. जोत्यावर बसून त्यांनी एक गाजर आणि पाल्यासकट एक मुळा पुढे ठेवला.

"जड तो कसदार, हे धान्याला. भाजीत पाणीच वजन भरतं. गाजर डोळ्यांना चांगलं. मुळ्यात पाणी बरंच, पण त्यात क जीवनसत्त्व असतं. दोन्ही एका ताटात चालतात, काही भांडत नाहीत. आणि रक्ताला जे लागतं, ते या दोन कंदांपेक्षा ह्या पाल्यात जास्त. तुम्ही तेच शेळीला घातलंत. पाला धुऊन द्या, वर लिंबू पिळा. आणि माले, गोळी एक दिवस चुकवायची नाही. जेवल्यावर घे, मळमळ कमी होईल."

नाथाजींनी पाला हातात घेतला.

"बाई, हिची आई रोज पालाच खायची. मी कंद खायचो. मग ती कशी गेली?"

"तो ताप होता, आण्णा. पाल्यानं ताप थांबत नाही."

"मंग चांगलं कुणाच्या वाट्याला आलं? तिच्या का माज्या?"

नर्सबाई जोत्यावरून उठल्या. इतकी वर्षे पाला आणि कंद माझ्याच पारड्यात पडत होते, आणि मी ते कधी तोलले नव्हते.

त्या दुपारी विजयमालाने माझे पारडे घासून लख्ख केले. "आई ह्यातच खायाची," ती म्हणाली. त्यात तिने गाजर, मुळा, पाला, मीठ आणि लिंबाची फोड ठेवली. पाला तुरट लागून तिने तोंड वाकडे केले. नाथाजी समोर बसून राहिले. पारडे रिकामे होईपर्यंत ते उठले नाहीत. मग ते रोजच तसे बसू लागले. माघ संपेपर्यंत तिच्या ओठांवर थोडा रंग आला. थोडाच, पण नर्सबाईंनी पापणी पाहून मान डोलावली.

फाल्गुनात एका सकाळी घरातच मुलगी झाली. बाळ बारीक दिसत होते. विजयमाला घामाघूम होती, पण बोलत होती.

"वजन बघायला हवं," नर्सबाई म्हणाल्या. "अडीच किलोच्या खाली भरलं, तर आत्ताच दवाखान्यात न्यावं लागेल. आण्णा, तुमचा तराजू आणा."

नर्सबाईंनी मला हातात धरून उचलले. मी रिकामाच उजवीकडे झुकलो.

"याच्यावर मी बाळ तोलणार नाही. हा सरळच नाही."

नाथाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी आणि तळाशी ते जोडवे. जन्मभर शेतात राबलेल्या बोटांना ती बारीक गाठ काही केल्या जमेना. तरी त्यांनी ती कोणाला मारू दिली नाही. जोडवे साखळीला लागले आणि दीड वर्षानंतर मी मधोमध उभा राहिलो.

मला तुळईला टांगले, एका पारड्यात जुन्या लुगड्याचा मऊ धडपा घातला आणि त्यावर बाळ ठेवले. दुसऱ्या पारड्यात त्याच्याच जोडीचा धडपा, वर दोन किलोचे वजन, मग अर्ध्याचे. बाळाच्या पारड्याखाली नर्सबाईंचे दोन्ही हात तयार होते. बाळाने पाय झाडला. मी डळमळलो, स्थिरावलो आणि बाळाच्या बाजूला किंचित खाली गेलो.

"अडीच," नर्सबाई म्हणाल्या.

"आन् वर झुकतं माप," नाथाजी म्हणाले, आणि तिथेच खाली बसले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. वर्षातून एकदा माझ्या दांडीला तेलाचे बोट लावा, म्हणजे मी गंजणार नाही. वजन मला विचारा, ते मी सांगेन. कस मला विचारू नका, तो जाणत्या माणसाला विचारा. मुळा घरी आणलात तर पाला टाकू नका. आणि माझे जोडवे कोणी सोडू नका.

मनुबाई पाला आवडीने खायची, की नाथाजींना कंद मिळावा म्हणून, हे मला अजून कळलेले नाही. नाथाजींनाही कळलेले नाही. रोज दुपारी ते मला खिळ्यावरून काढतात, पारडे पुसतात आणि आधी पाला खातात.