दिल्या घरच्या लेकी

माझ्या लेकीला, रुओशीला, एकतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या गल्लीत सांगितलं, "आईकडनंच आलंय. तिचं माहेरच रोगट." मी तोंड शिवून बसले. डॉक्टर म्हणाले, हा दोष पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून येतो, तुम्हा दोघा आईबापांचंही रक्त तपासू. माझं रक्त स्वच्छ निघालं. दोष माझ्या नवऱ्याकडून आला होता.

डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला झालं होतं?" म्हातारी ताठ मानेने म्हणाली, "आमच्या घरात? कुणालाही नाही." मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. माझ्या दोन मोठ्या नणंदा ऐन पस्तिशीत गेल्या. दोन्ही वेळा मला एवढंच सांगितलं होतं, 'आजारी होती.'

चिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या दिवशी आम्ही पूर्वजांची थडगी झाडून आलो. सासूबाई पातळ पोळ्यांत भरायला गाजरं किसत बसल्या. मीही समोर ठाण मांडलं.

"आई, खरं सांगा. थोरल्या वन्सं कशाने गेल्या?"

"छातीत गाठ होती."

"आणि मधल्या?"

"तिलाही तेच."

माझं डोकंच फिरलं. "मग डॉक्टरांना 'कुणालाही नाही' असं का सांगितलंत? वर माझ्या माहेराला नावं ठेवलीत."

"मी खोटं नाही बोलले. त्यांनी आपल्या घरातलं विचारलं. त्या दिल्या घरच्या. आत्ता थडगी झाडून आलीस ना, त्यात आहेत का त्या?"

इतके दिवस मी म्हातारीला लबाड समजत होते. ती लबाड नव्हती. लेकी तिच्या मोजणीतच नव्हत्या.

"धाकट्या बाओचिन वन्सं जिवंत आहेत, आई. त्यांना कोण सांगणार?"

त्यांचा हात थांबला. मला फोन स्पीकरवर लावायला सांगून त्या स्वतःच बोलल्या, "बाओचिन, लगेच दवाखान्यात जा. छाती तपासून घे."

वन्सं म्हणाल्या, "आई, दोन वर्षं झाली. माझी दोन्ही बाजूंची छाती काढली. डॉक्टर म्हणाले होते, माहेरी कळवा, पोरीबाळींना तपासून घ्या."

"मग कळवलं का नाहीस गं?"

"दिलेल्या लेकीने आपलं दुखणं माहेरच्या उंबऱ्यात आणू नये. तूच सांगून पाठवलं होतंस."

दोन वर्षांपूर्वी माझी रुओशी धडधाकट होती. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी उठून आत गेले.