शेपटी हिरवीच होती

कॅप्टननी काचेच्या कपाटातून ते छोटं विमान दोन बोटांनी अलगद उचललं आणि म्हातारबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं.

"नीट बघा मावशी. शेपटी हिरवी. ही कंपनी निघाली त्या दिवसापासून बुडाली त्या दिवसापर्यंत हिरवीच होती."

"लाल होती," बाई म्हणाल्या. "आमच्या यांना सोडायला विमानतळावर गेले होते मी. कठड्याला धरून उभी होते. लाल होती शेपटी."

"मग दुसऱ्या कंपनीचं असेल. तुमची गल्लत होतेय."

वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन बघायला वीसेक माणसं आली होती, त्यांतलं कुणीतरी हसलं. बाईंच्या मागे त्यांची पन्नाशीची मुलगी उभी होती. तिने आईचा दंड धरला.

"बघ आई, मी काय सांगत होते? आता तर तज्ज्ञच सांगताहेत."

तज्ज्ञ हा शब्द ऐकून कॅप्टनची छाती दोन इंच फुगली. बाई आणखी थोडा वेळ त्या हिरव्या शेपटीकडे बघत राहिल्या, मग मुलीबरोबर पुढच्या कपाटाकडे गेल्या.

कॅप्टन काही खरे कॅप्टन नव्हते. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती आणि विमानात ते उभ्या आयुष्यात दोनदा बसले, तेही डोळे गच्च मिटून. पण बंद पडलेल्या विमान कंपन्यांची त्यांना खडान् खडा माहिती होती. कुठली कधी निघाली, कुणी गिळली, कुणाचं दिवाळं कधी वाजलं, सगळं तोंडपाठ. घरात चौसष्ट जुनी नमुना-विमानं होती. त्यांची धूळ ते बायकोच्या पावडरीच्या ब्रशने झाडत, आणि तिला दर दोन महिन्यांनी नवा ब्रश घ्यावा लागे. चूक दिसली की काढायचीच, ही छापखान्यातली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. "मी आज मंगळवार म्हटलं तरी हे कॅलेंडर बघून येतात," असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

प्रदर्शन आटोपल्यावर त्यांनी अभिप्रायांची वही घरी नेली आणि बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. एका पानावर त्या मुलीने फोन नंबरासकट लिहिलं होतं, 'उत्तम संग्रह. आईची शंका मिटली. आभारी आहे.'

"कसली शंका?" बायकोने विचारलं.

कॅप्टननी सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती, हसली मात्र नाही.

"ती तिथे उभी होती म्हणाली ना? मग तुम्हाला तिच्याहून जास्त कसं माहीत?"

खरं सांगायचं तर हॉलमध्येच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. भाड्याने घेतलेल्या एका विमानाबद्दल कुठेतरी दोन ओळी वाचल्याचं त्यांना आठवत होतं. पण वीस माणसं ऐकत असताना 'घरी जाऊन बघून सांगतो' म्हणायला जीभ वळली नव्हती. शिवाय तसलं विमान नमुन्यांत कधी निघालंच नव्हतं, त्यांच्या कपाटात नव्हतं, आणि जे कपाटात नाही ते कॅप्टनच्या लेखी आकाशातही नव्हतं.

कंपनीच्या नोकरांसाठी निघणाऱ्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडला. शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. एक विमान दुरुस्तीला गेल्यामुळे कंपनीने सात आठवडे दुसरीकडून विमान भाड्याने आणलं होतं. रंग बदलण्याइतका वेळ नव्हता, म्हणून दाराशेजारी फक्त आपलं नाव चिकटवलं होतं. शेपटी लालच ठेवली होती.

ती पत्रिका घेऊन त्यांनी त्याच दिवशी जायला हवं होतं. ते तीन आठवडे गेले नाहीत. फोन उचलायचे आणि खाली ठेवायचे. एवढ्याशा रंगाचं काय, ती विसरूनही गेली असेल, अशी स्वतःची समजूत घालायचे, आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. शेवटी बायकोनेच नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

दार म्हातारबाईंच्या मुलीने उघडलं.

"आई आता इथेच असते," ती हळू आवाजात म्हणाली. "एकटी राहत होती, तिचं घर बंद केलं. डॉक्टर म्हणाले, वयाने थोडं विसरायला होतं, तुम्ही ठरवा. ती काही ऐकेना. तुमच्या प्रदर्शनातून आल्यावर मात्र तिने हट्ट सोडला. म्हणाली, माझं डोकंच चालत नसेल तर चल. तुमचे उपकारच झाले."

कॅप्टननी हातातली पत्रिका पाठीमागे नेली. परत फिरावं असंही क्षणभर वाटलं, पण मुलगी बाजूला होऊन वाट देत होती.

खोली नातवाची असावी. भिंतीवर खेळाडूंची चित्रं होती, खिडकीखाली न उघडलेली दोन खोकी होती, आणि पलंगाच्या कडेला बाई पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. मुलगी चहा करायला आत गेली. कॅप्टननी पत्रिका त्यांच्या हातात दिली.

"मी चुकलो होतो. तुमचंच बरोबर होतं. आणि मला तिथेच शंका आली होती, तरी बोललो नाही. मला माफ करा."

बाईंनी चष्मा लावून मजकूर वाचला, पुन्हा वाचला, आणि पत्रिका परत केली.

"हे दुसऱ्या कंपनीचं असेल. माझी गल्लत होते."

आपलेच शब्द असे परत मिळाल्यावर कॅप्टनना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही हो, इथे छापलंय..."

"तुम्ही आलात ते बरं झालं," बाई म्हणाल्या. "माझं खरं काय नि खोटं काय, मला कळेनासं झालंय. तुम्हाला सगळं माहीत असतं. त्या विमानातून कुणी हात हलवला तर कठड्यापाशी दिसला असता?"

मुलगी ट्रे घेऊन दारात येऊन थांबली होती.

"असं काय विचारतेस आई? बाबांनी हात हलवला होता. तूच सांगायचीस ना? मी तुझ्या कडेवर होते. परत आले नाहीत, पण जाताना हात तर हलवला."

बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या कॅप्टनच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हलवला होता?"

पुराव्याशिवाय एक अक्षर न बोलणाऱ्या कॅप्टननी मुलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. निदान एवढं तरी आपल्या हातून चांगलं व्हावं, असं त्यांना वाटलं.

"हो," ते म्हणाले. "हलवला होता."

बाईंची पाठ हळूहळू ताठ झाली.

"तुम्ही होतात तिथे?"

"नाही."

"मी होते." त्यांचा आवाज चढला नव्हता. "नव्हता हलवला हात. शिडी चढताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती लाल शेपटी दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले, आणि मग हिला म्हटलं, बघ, बाबांनी टाटा केला."

मुलीने ट्रे खोक्यावर टेकवला आणि ती तशीच ओणवी राहिली.

"मला कधीच का नाही सांगितलंस?"

"लहान होतीस. नंतर तुला ते आवडायला लागलं." बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्या घराची किल्ली कुठे ठेवलीस?"

मुलीने कॅप्टनकडे पाहिलं. तज्ज्ञ काहीतरी बोलतील म्हणून ती थांबली होती. कॅप्टननी मान खाली घातली आणि तोंड उघडलं नाही.