दाराकडची शिवण

“तिकडून नाही मास्तर, इकडे या. ड्रायव्हरच्या बाजूने,” गॅरेजवाला म्हणाला.

मास्तर वळसा घालून आले. गाड्यांच्या सीटना कव्हर शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ही गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, जावयाची होती. जावई जाऊन महिनाही झाला नव्हता. गाडीतलं सामान न्यायला लेकीला बोलावलं होतं. ती नको म्हणाली, म्हणून हे आले होते. छत्री, चष्म्याची डबी आणि तिचा स्वेटर एवढं त्यांनी पिशवीत भरलं होतं.

गाडीचं नाक जवळजवळ शाबूत होतं. ट्रक बाजूने आला होता. दार वाकून आत घुसलं होतं.

“पट्टा लावलेला होता हो त्याने,” गॅरेजवाला हळूच म्हणाला. “पट्ट्याने आपलं काम केलं. पण पट्टा पुढे फेकल्या जाणाऱ्याला धरतो. दारच अंगावर आलं, तर मध्ये काहीतरी मऊ हवं ना? त्यासाठी सीटच्या कडेला वेगळी एअरबॅग असते. पापणी लवायच्या आत फुगते आणि माणूस आणि दार यांच्यामध्ये येते.”

“मग फुगली नाही ती?”

गॅरेजवाल्याने मान खाली घातली. “फुगली. बाहेर यायला वाट मिळाली नाही तिला.”

सीटची कड आतून टरारून वर आली होती. तिच्यावरून दुहेरी शिवण गेली होती, जाड नायलॉनच्या दोऱ्याची, सरळ, देखणी. तिचा एकही टाका हललेला नव्हता.

तयार कव्हरं यायची, तेव्हा दाराकडच्या बाजूला ती नेहमी बारीक दोऱ्याने, लांबलांब टाक्यांत शिवलेली असायची. मास्तरांना त्याची चीड यायची. कारखान्यातली माणसं शेवटची शिवण घाईघाईत उरकतात, असं ते धरून चालले होते. दुकानात आलेलं प्रत्येक कव्हर ते आधी त्या बाजूने उसवत आणि पक्कं शिवत. जावयाच्या गाडीचं शिवलं, तेव्हा तो सीटवर बसून दोन उड्या मारून म्हणाला होता, “बाबा, आता तुमच्या लेकीच्या हातचं कितीही खाल्लं तरी सीट फाटायची भीती नाही!” लेकीने त्याला छत्रीने टोचलं होतं.

“मास्तर,” गॅरेजवाल्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “हे तुमच्या-माझ्यात. मी कव्हर फाडून टाकतो. पोरीला कशाला आणखी?”

पिशवी उचलून मास्तर तडक लेकीच्या घरी गेले.

ती जावयाच्या शर्टांना इस्त्री करत होती. शेजारी घड्यांची चळत लागली होती.

“कुणाला तरी देऊन टाकायचे म्हणतेय,” ती म्हणाली. “द्यायचेच तर चुरगळलेले कशाला द्या? बसा ना. चहा टाकते.”

“चहा नको. तू बस आधी.”

ती बसल्यावर त्यांनी सांगितलं. फुगलेली कड, तो दोरा, आणि एअरबॅगला वाट मिळावी म्हणून मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण इतकी वर्षं आपण चूक समजून पक्की करत आलो ते. सांगताना ते शर्टांकडे बघत राहिले. लेकीने इस्त्री उभी करून ठेवली.

“ती शिवण सुटली असती तर वाचला असता तो?”

“माहीत नाही बाळ. ट्रक मोठा होता. कदाचित... कोणी सांगू शकत नाही.”

“मग मला का सांगितलंत?”

“दुसऱ्याकडून कळलं असतं तर...”

“नसतंच कळलं, बाबा. कोण सांगणार होतं?” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. “आता रोज रात्री मी त्याच्याबरोबर तुमचाही विचार करायचा. तुम्ही जा घरी. मी बोलावते तुम्हाला. तोपर्यंत येऊ नका.”

दारात चप्पल घालता घालता त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “इस्त्रीचं बटण बंद कर गं.”

तिने बोलावलं नाही. ते रोज सकाळी देवासमोर हात जोडत, पण क्षमा मागायचं धाडस होत नसे. मागायची ती लेकीकडे, असं त्यांना वाटे. मग ते एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करू लागले. गाडी घेऊन या, एक शिवण उसवायची आहे.

“अहो, चांगली शिवण आहे ती! दुसऱ्याचं उसवलेलं तुम्ही शिवायचं, तर तुम्ही स्वतःचंच उसवायला लागलात?” टॅक्सीवाला हसला. “वय झालं मास्तर!”

“झालं खरं,” मास्तर म्हणाले. “पाय जरा आत घ्या, ब्लेड आहे हातात.”

पावसाळा संपत आला, तेव्हा एक दिवस दुकानासमोर एक पांढरी गाडी उभी राहिली. चालवत लेक आली होती. खिडकीची काच खाली करून, पट्टा न सोडता ती म्हणाली, “आमच्या शाळेतल्या बाईंची आहे. कव्हर तुमच्याकडचं आहे म्हणाल्या. त्यांना वेळ नव्हता, म्हणून मी आणली.”

‘बाबा’ म्हणाली नाही. ती वाळली होती. जेवतेस ना, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

“उतरावं लागेल तुला.”

ती उतरून बाजूला उभी राहिली. मास्तर उघड्या दारापाशी गुडघ्यावर बसले. दोरा चिवट होता, त्यांचाच होता. एकेक टाका कापत ते वरपासून खालपर्यंत गेले. ती मान तिरकी करून बघत होती. शेवटचा टाका तुटला आणि कव्हरची कड अलगद उघडली.

“झालं. आता बारीक दोऱ्याने टाचून देतो.”

“थांबा.” ती जवळ आली, खाली वाकली. “इथून येते ती?”

“हो. इथूनच.”

तिने फटीत बोटं घातली, मग मनगटापर्यंत हात घातला, आणि तो तसाच राहू दिला. रडली नाही. डोळे मिटून आतल्या फोमवर तळवा टेकवून ती बसून राहिली.

रस्ता उताराचा होता. गाडीचं दार आपल्याच वजनाने हळूहळू मिटायला लागलं. मास्तर उठले, आणि तिचा हात मध्ये सापडू नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.