सांभाळायला बाई हवी

जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, मूल सांभाळायला बाई हवी. मी तरीही गेलो.

जिन्याखालच्या छोट्या खोलीत कामाला माणसं पुरवणाऱ्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, नातवंडासाठी बाई हवी का?"

"नाही. मला काम हवंय."

"कसलं?"

"हेच. मूल सांभाळायचं."

मागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. त्या फिसकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "अनुभव?"

"छापखान्यात बाइंडिंग केलं, अडतीस वर्षं. त्यानंतर तीन वर्षं बायकोला सांभाळलं. तिची उजवी बाजू गेली होती. आंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं मीच करायचो. सात महिन्यांपूर्वी ती गेली."

मॅडमनी वही चाळली. मग म्हणाल्या, "वॉचमनची जागा आहे. खुर्ची, पंखा, सगळं आहे. उद्यापासून जा."

"तिथे दिवसभर बोलायचं कुणाशी?"

"आणि वर्षाचं मूल बोलतं होय?"

"ऐकतं तरी."

त्यांनी नाव लिहून घेतलं, ते मला कटवायला. पण मी दर सोमवारी दहा वाजता जाऊन बाकावर बसू लागलो. ओळखीच्या तिघांची पत्रं नेली. त्यातलं एक डॉक्टरांचं होतं. पोलिसांचा दाखला नेला. चार घरांनी फोनवरच नको म्हटलं. एका बाईंनी विचारलं, "म्हातारबुवांना स्वतःलाच उचलावं लागलं तर?" बाकावरच्या बायका मला 'सोमवारचे काका' म्हणू लागल्या आणि सरकून जागा देऊ लागल्या.

लेकीला कळलं तेव्हा तिचा फोन आला. "बाबा, घर खायला उठतं तर माझ्याकडे या ना."

"येईन की. पाहुणा म्हणून."

"लोकांची पोरं सांभाळणार? मला कधी एकदा तरी आंघोळ घातली होती का?"

"नाही घातली," मी म्हणालो. खोटं कशाला बोलायचं? "तुझ्या आईने घातली. म्हणून तुलाच विचारतो, पाणी कितपत गरम घ्यायचं?"

ती म्हणाली, "कोपर बुडवून बघायचं, बाबा."

पाचव्या सोमवारी मॅडमनी फोनवर हात ठेवून मला जवळ बोलावलं. एक नर्स होती. नवरा परगावी नोकरीला, मुलगी चौदा महिन्यांची, सांभाळणाऱ्या दोन बायका लागोपाठ काम सोडून गेलेल्या. "तीन दिवस बघते म्हणतेय. स्वतः घरी थांबून. माझं नाक कापू नका, काका."

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दोरीवर पांढरे युनिफॉर्म वाळत होते आणि खाली सगळीकडे खेळणी. मुलगी अनोळखी माणूस पाहिला की तोंड आंबट करायची, म्हणून घरात तिला लिंबू म्हणत. माझ्याकडे पाहूनही तिने तेच केलं.

पहिल्याच दिवशी लंगोट बदलायची वेळ आली. आधीच्या बायका म्हणे तिचे पाय धरून ठेवायच्या आणि ती घर डोक्यावर घ्यायची. मी तिला आधी सांगितलं, "आता कूस बदलायची बरं का, डावीकडे." बायकोला सांगायचो तसंच. मग हळूच कुशीवर वळवलं. लिंबू माझ्याकडे बघत राहिली आणि काम होऊन गेलं. आतल्या खोलीच्या दारातून नर्सने मान डोलावली.

जेवणाचंही चोख केलं. तिच्या उंच खुर्चीत पाठीला उशी, हनुवटीखाली टॉवेल. अर्धा चमचा मऊ भात गालात सोडायचा, गळ्याकडे बघायचं, गिळला की पुढचा. लिंबूने चमच्याकडे हात केला तर मी तो अलगद खाली ठेवायचो. "राहू दे, मी आहे ना." एक शीत खाली सांडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी मनात खूश होतो.

संध्याकाळी निघताना नर्स म्हणाली, "काका, बसा जरा. राग मानू नका. तुम्ही हिला पेशंटसारखं भरवता."

मी बसलो.

"मी वॉर्डात रोज हेच करते, मला लगेच ओळखू येतं. उभी राहायला गेली की तुम्ही बसवता. परवापर्यंत चमचा ओढून घेत होती. आज हात मांडीवर ठेवून नुसता आ करून बसली होती. तुमचा जीव आहे हो, पण हिला आजारी करून ठेवाल. उद्या नाही आलात तरी चालेल."

"नाही चालणार," मी म्हणालो. "तीन दिवस ठरलेत. एक माझा शिल्लक आहे."

"हट्टी आहात."

"बायकोही हेच म्हणायची. अर्ध्या तोंडाने, पण मला कळायचं."

ती हसली नाही. "या मग," एवढंच म्हणाली.

मी चालत घरी गेलो. वाटेत विचार केला. बायकोच्या हातून रोज काहीतरी सुटत होतं. आधी गुंडी, मग कंगवा, मग चमचा. तिला जमत नाही हे तिला दिसू नये म्हणून मी तिच्या आधी हात घालायचो. तीच सवय झाली. चमचा मी तिच्याकडून जरा लवकरच काढून घेतला की काय, कोण जाणे. ते आता विचारता येणार नाही. पण लिंबूचं तसं नव्हतं. तिला काल न जमलेलं आज जमणार होतं, आणि मी मध्ये येत होतो.

तिसऱ्या दिवशी मी उकडलेल्या बटाट्याच्या मऊ फोडी केल्या. वाटी तिच्यापुढे ठेवली, चमचा हातात दिला आणि माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

लिंबूने आ केला. मी हललो नाही. तिने पुन्हा आ केला, मोठा. मग चमचा फेकला आणि भोकाड पसरलं. नर्स दारात आली.

"थांबा," मी म्हणालो. स्वतःलाही म्हणालो. हात ओढ घेत होते.

रडता रडता लिंबूने अख्खा पंजा वाटीत घातला. थोडा बटाटा तोंडात गेला, थोडा कानात, बाकीचा केसांत. मग एकदम तिला ठसका लागला. माझे हात बाहेर आले, नर्सही पुढे झाली. पण मी लिंबूच्या गळ्याकडे बघत होतो. खोकला मोठा होता, आवाज फुटत होता, म्हणजे हवा जात होती. तीन वर्षांत मी एवढं शिकलो होतो. मी हात तिच्याजवळ धरले, पण लावले नाहीत. लिंबूने फोड थुंकली, तिच्याकडे नीट बघितलं आणि उचलून परत तोंडात घातली.

नर्स माझ्याकडे बघत होती. "मी उचललं असतं," ती म्हणाली.

"मीही. कालपर्यंत."

तिने फरशीकडे पाहिलं. "आणि हे कोण पुसणार?"

"मी. तिचं होऊ द्या आधी."

"माझी शिफ्ट आठची असते. उद्यापासून साडेसातला या. महिनाभर बघू."

"सव्वासातला येतो," मी म्हणालो आणि फडकं घेऊन खाली बसलो. लिंबूने वरून आणखी एक फोड टाकली. मी पुसलेली जागा परत पुसली.