मला मोजायचं राहून गेलं

मित्रांनो, ते १९६१ साल होतं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी एका करकोच्याला पाठीवर घेऊन गावभर मिरवले.

मी एक जुनी लाकडी ट्रॉली आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या हावलिकांच्या शेतावर कोठारामागे उभी असते. एमिल हावलिकने लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी मला जोडलं. सांगाडा मोडक्या मोटारीचा, फळ्या ओकच्या. उन्हाळ्यात मी गवत वाहायची, पुढे मका. भार चढवण्याआधी एमिल माझ्या चाकावर थाप मारायचा. तेवढंच आमचं बोलणं. त्याचा मुलगा लॅडी माझ्या फळ्यांना धरूनच उभा राहायला शिकला.

त्या वर्षी लॅडी कॉलेजात गेला. कॉलेजचा घंटेचा मनोरा आमच्या शेतातून दिसतो. तरीही तो तिथल्या एका बंधुमंडळाच्या घरात राहायला निघाला. अशा घरात पोरं एका छपराखाली राहतात, एकमेकांना भाऊ म्हणतात. नव्याला आधी पारखतात आणि मग मतं टाकून आत घेतात.

"रोज घरी यायला काय होतं तुला?" एमिल म्हणाला. "गाई दोहायला हात कमी पडतात इथे."

"बाबा, अंगाला शेणाचा वास घेऊन मला वर्गात बसायचं नाहीये."

एमिल बादली उचलून गोठ्यात गेला. लॅडी गेला तो पुन्हा फिरकला नाही. रोझाली, त्याची आई, रोज संध्याकाळी मनोऱ्याकडे बघत भांडी पुसायची.

मग होमकमिंगचा आठवडा आला. त्या आठवड्यात कॉलेजचे जुने विद्यार्थी लांबलांबहून परत येतात, फुटबॉलचा सामना होतो आणि त्या सकाळी मिरवणूक निघते. प्रत्येक घर आपली गाडी सजवतं आणि ती दुसऱ्यांच्या नजरेपासून लपवून ठेवतं. लॅडीच्या घराला लपवायला जागा हवी होती, सजवायला गाडीही हवी होती. लॅडीच्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे दोन्ही आहे."

जो स्वतःसाठी घरी आला नव्हता, तो असा पोरांचा घोळका घेऊन आला. एमिलने मान डोलावली आणि तो गाईंकडे गेला. रोझालीने मात्र आलुबुखाराचे कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, भाजायला घेतले.

कॉलेजच्या संघाचं चिन्ह होतं करकोचा. पोरांनी मला कोठारात नेलं आणि माझ्यावर जाड तारेचा उंच पक्षी उभा केला. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणली आणि जाळीच्या भोकाभोकात राखाडी कागदाचे बोळे खोचत बसले. मला गुदगुल्या होत होत्या. रोझालीही त्यांच्यात येऊन बसली.

"काकू, तुमच्या एका हातात आमच्या सगळ्यांचा वेग आहे," रसेल म्हणाला. तो त्या घराचा प्रमुख, ओमाहा शहरातल्या वकिलाचा मुलगा.

"लोणी लावू नकोस. लाल कागद दे, डोकं राहिलंय."

रसेलने लॅडीकडे पाहिलं. "दाराची उंची मोजलीस ना रे?"

"मोजली."

"नीट? करकोचा अडला तर तूही अडलास समज. रविवारी तुझ्यावर मतं आहेत."

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर जोडला. मी निघाले, आणि दाराच्या वरच्या वाशाला करकोच्याची मान धाडकन आपटली.

लॅडीने दार मोजलं होतं. करकोचाही मोजला होता. तो ज्या ट्रॉलीवर उभा होता, ती मोजायची राहून गेली होती. शेतकऱ्याच्या पोराकडून!

"अरे शहाण्या, पक्षी काय हवेत तरंगणार होता?" रसेल ओरडला.

पोरांनी माझ्या चाकांमधली हवा सोडली. मी जमेल तेवढी वाकले, पण डोकं काही खाली येईना. लॅडी पांढराफटक पडला.

तेवढ्यात एमिल गोठ्यातून आला. हातात करवत, खांद्यावर शिडी. त्याने शिडी दाराला लावली.

"वासा कापतो. बाजूला व्हा."

"अहो, तुमच्या आजोबांनी बसवलेला वासा तो!" रोझाली म्हणाली.

"आजोबांना नाही जायचं मिरवणुकीला. पोराला जायचंय."

लॅडी शिडीवर चढला आणि त्याने करवतीवर हात ठेवला. "नको बाबा. पक्ष्याची मान कापू."

"मान कापली तर बक्षीस गेलं," रसेल म्हणाला.

"जाऊ दे. चूक माझी आहे, कोठाराची नाही."

मानेची तार तोडली. बाहेर अंगणात चाकांत पुन्हा हवा भरली, मान पुन्हा जोडली. पण तार अपुरी पडली. मान सरळ उभी राहीना, वळून पाठीकडे कलली. रोझालीने जोडावर कागद खोचले. आतून मान धरून कुणीतरी बसायला हवं होतं. लॅडी आत शिरला. मग ट्रॅक्टर कोण चालवणार?

एमिल गाई दोहताना घातलेले कपडे झटकत म्हणाला, "अंगाला वास येतोय माझ्या."

"येऊ दे," करकोच्याच्या पोटातून आवाज आला.

एमिल ट्रॅक्टरवर चढला. आधी मात्र माझ्या चाकावर थाप मारायला विसरला नाही.

रस्त्यावर लोक आधी हसले. मग एक पिकल्या केसांची माजी विद्यार्थिनी शेजारणीला म्हणाली, "अगं बघ, तो मागे वळून घराकडे बघतोय!" ते बोलणं रांगेतून पुढे सरकत गेलं आणि टाळ्या सुरू झाल्या. बक्षीस दुसऱ्याच घराला मिळालं. रविवारी मतं पडली. लॅडीला आत घेतलं. त्याच संध्याकाळी तो रसेलला घेऊन घरी जेवायला आला आणि न सांगता बादली उचलून गोठ्यात गेला.

पुढे लॅडी गुरांचा डॉक्टर झाला. आता तोही थकलाय, याच शेतावर राहतो. रसेल ओमाहात वकील झाला. रोझाली होती तोवर दर ऑक्टोबरात कोलाचे खायला यायचा, हल्ली काठी टेकत नुसता वाशाकडे बघून जातो. एमिल एका कापणीनंतर झोपला तो उठला नाही. वासा अजून शाबूत आहे.

माझ्या फळ्यांमधून गवत वर आलंय. लॅडीची नात माझ्यावर भोपळे मांडते, तेवढाच भार आता. मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्या चाकांत हवा भरा, आसाला थोडं तेल द्या. आणि कधी आपली उंची मोजाल, तेव्हा पायाखाली कोण आहे तेही बघा. आपण त्याच्यासकट तेवढे असतो.